परत येताय? आधी बाबांचे व्यवहार समजून घ्या

वडील दिवाळीनंतर गेले, आई नागपूरजवळच्या काटोलच्या घरात एकटी, मागे चार एकर संत्रा. पुण्यातली नोकरी सोडून परत यावं का, असा तुमचा प्रश्न आहे. वडील गेल्यावर मीही मुंबई सोडली, आता नागपुरात राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गावात तुम्हाला बाबांची जागा मिळेल, तुमची नाही. शिकायला बाहेर पडलात तेव्हापासून गावाच्या लेखी तुम्ही सुट्टीतले पाहुणे. आता मात्र चौकात कोणीतरी थांबवून म्हणेल, "तुह्या बाबानं हो म्हटलं होतं." कशाला, ते तुम्हाला ठाऊक नसतं. विहिरीच्या पाण्याची पाळी असेल, कोणाच्या कर्जाला जामीन असेल, कोणाच्या लग्नाला कबूल केलेली मदत असेल.

म्हणून राजीनाम्याआधी रजा काढा आणि बाबांचे व्यवहार समजून घ्या. गावच्या सेवा सहकारी सोसायटीत पीककर्जाचं खातं पाहा. बगीच्यातल्या गड्याशी निवांत बोला, तो आईपेक्षाही जास्त सांगेल. झाडावर मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुटलेला बहार, असेल तर फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटणार, म्हणजे व्यापाऱ्याशी तोंडी सौदा बाबांनीच करून ठेवलेला असू शकतो. इसार किती घेतला होता हे आधी घरात शोधा, मग व्यापाऱ्याला विचारा. आंबिया, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारा बहार, धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडून ताण देऊन जानेवारीत पाणी सोडावं लागतं, आणि झाड किती ताणलं गेलंय ते फोनवरून कळत नाही. बगीचा ठेक्यानं देता येतो, पण ठेकेदाराचं लक्ष त्या वर्षीच्या फळावर. बुंध्याला बोर्डो (मोरचूद-चुन्याची पेस्ट) लावणं, डिंक्यावर (खोडातून डिंक गळण्याच्या रोगावर) नजर ठेवणं तुमच्याकडेच राहतं. झाडं पिवळी पडताना दिसली तर कृषी केंद्रातून औषधं आणण्याआधी नागपुरात अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत दाखवा.

कागदांचं थोडक्यात. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करायची असते, ती झाली असेल. दाखल्याच्या भरपूर प्रती घ्या. सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांत अर्ज द्यायचा असतो, तुमची मुदत संपत आली आहे. घराची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) वेगळी, ते काम भूमी अभिलेख कार्यालयात. आई आणि तुम्ही सगळी भावंडं, लग्न झालेल्या बहिणीसुद्धा, वारस म्हणून लागतात. तेरवीच्या पंगती उठायच्या आत बहिणीपुढे हक्कसोडाचा कागद सरकवणारे काका मी पाहिले आहेत. तुमच्याकडे कोणी तसं सुचवलं तर हात जोडून विषय बंद करा.

आता आई. ती एकटी आहे म्हणजे तिला तुम्ही घरात हवेच आहात, असं धरून चालू नका. नातेवाईक नसताना विचारा, आणि नेमकं विचारा: रात्री भीती वाटते का, बँकेचं जमतं का, बगीचा ठेवायचा आहे का? कदाचित तिला फक्त रात्री सोबतीला कोणी हवं असेल. पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेलेल्या आया चार महिन्यांत परत आलेल्या इथे बऱ्याच दिसतात. शेजार, भजनाचं मंडळ, सकाळी अंगणात येणारी माणसं तिथे नसतात.

माझं मत विचाराल तर पुणे सोडा, पण काटोलला मुक्काम टाकू नका. नागपुरात काटोल नाक्याच्या बाजूला भाड्यानं घर घ्या. काटोल तिथून साठेक किलोमीटर, सकाळी निघून बगीचा पाहून संध्याकाळी परत येता येतं. मुलांच्या शाळा, दवाखाने हाताशी राहतात, आणि कंपनी घरून काम देत नसेल तर मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी परिसरातल्या, कंपन्यांत चाचपणी करता येते. आईचं घर आईचंच राहतं. गावातले म्हणतील, पोरगा नागपूरपर्यंत आला अन् आईला एकटीच ठेवली. म्हणू द्या. भाड्याचा करार तसाही अकरा महिन्यांचा असतो. वर्षश्राद्धापर्यंत आईचं आणि तुमचंही मन कळलेलं असेल, तेव्हा घर बदलायचं की नाही ते ठरवा.