माइंडफुलनेसवर पीएचडी म्हणजे विपश्यनाच ना?

तुमचा प्रश्न असा की मुलगी क्लिनिकल सायकॉलॉजी शिकतेय, तिला माइंडफुलनेसवर, म्हणजे चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याच्या सरावावर, संशोधन करायचंय, मग गोराईच्या विपश्यना पॅगोडात जाऊन बसली की झालं ना? नाही हो. मूळ तिकडचं असलं तरी काम वेगळं आहे.

अमेरिकेतले जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला, तो जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी. पुढे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी त्याला कॉग्निटिव्ह थेरपीची (विचारांच्या सवयींवर काम करणाऱ्या उपचाराची) जोड दिली. त्यांच्या 2000 सालच्या चाचणीत फायदा दिसला तो नैराश्य तीन किंवा जास्त वेळा येऊन गेलेल्यांना. दोनदाच आलेल्यांना नाही. असं का? असल्या प्रश्नांमागे माणसं अख्खं करिअर घालवतात.

रोजचं काम मात्र ध्यानाचं कमी आणि प्रश्नावल्या भरून घेण्याचं जास्त. पहिल्या सत्रात तळहातावर एक बेदाणा ठेवतात: बघा, हुंगा, कानाशी धरा, मग सावकाश चावा. आमच्या परळच्या गटातल्या आजींनी तो थेट तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "संपला, दुसरा द्या." पाचव्या आठवड्यापर्यंत निम्मी मंडळी गळाली. डोंबिवलीहून संध्याकाळी सहाला कोण येणार? ती गळतीही प्रबंधात लिहावी लागते, लपवायची नाही.

आणि एक, रुग्ण बघायचे असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. माइंडफुलनेसवर पीएचडी केली म्हणून ती मिळत नाही. आधी तो रस्ता पक्का करायला सांगा.