परदेशात नर्स स्वतः औषधे लिहून देतात, हे खरे आहे का?

आपल्या भाचीला नर्सिंगची पदवी झाल्यावर इंग्लंडला यायचे आहे; तेथे डॉक्टरांच्या सहीशिवाय नर्स औषधे लिहून देतात असे ती म्हणते, ते खरे आहे का आणि त्यात धोका नाही का, असे आपण विचारले आहे. ते खरे आहे, पण तो अधिकार प्रत्येक नर्सला नसतो. मी सांगली जिल्ह्यात शिकले, इंग्लंडमध्ये बारा वर्षे नोकरी करत आहे आणि त्यांपैकी शेवटची पाच वर्षे औषधे लिहून देत आहे, म्हणून आधी इंग्लंडचेच सांगते.

येथे या अधिकाराची सुरुवात मलमपट्टीपासून झाली. घरोघरी जाणाऱ्या नर्सच्या कामाची पाहणी करणाऱ्या, ज्युलिया कम्बरलेज यांच्या समितीचा अहवाल १९८६ मध्ये आला. पायावरच्या जुनाट जखमेला कोणते ड्रेसिंग लावायचे हे नर्सच ठरवत असे, परंतु चिठ्ठीवर सही मिळवण्यासाठी तिला डॉक्टरांच्या दाराशी ताटकळावे लागे, आणि डॉक्टर अनेकदा रुग्णाला न पाहताच सही करून देत. १९९२ मध्ये कायदा झाला आणि १९९४ पासून मोजक्या ठिकाणी ड्रेसिंग, रेचके, पॅरासिटामॉल अशा छोट्या यादीपुरता प्रयोग सुरू झाला. २००६ मध्ये जवळजवळ सर्व औषधे खुली झाली, तर २०१२ मध्ये मॉर्फिनसारखी नियंत्रित औषधेही, काही अपवाद वगळता, त्यांत आली.

ही हकीकत वाचली की मला महाराष्ट्रातील माझ्या पहिल्या नोकरीतील रात्रपाळी आठवते. डॉक्टर फोनवर औषध सांगत, आम्ही ते केसपेपरवर लिहून घेत असू आणि सही सकाळच्या राउंडला होई. काही बिनसले असते तर जबाबदार कोण, हे आमच्यापैकी कोणालाच नीट सांगता आले नसते. म्हणूनच धोक्याबद्दल माझे मत असे की, ज्याने रुग्णाला तपासले त्याचीच सही चिठ्ठीवर असणे अधिक सुरक्षित आहे. मात्र त्यासाठी त्याचे तेवढे शिक्षण झालेले हवे.

ते शिक्षण सोपे नाही. नोकरी सांभाळून विद्यापीठाचा अभ्यासक्रम करावा लागतो, अनुभवी प्रिस्क्राइबरच्या, म्हणजे औषधे लिहून देण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीच्या, देखरेखीखाली काम करावे लागते, औषधशास्त्राच्या परीक्षेत किमान ८० टक्के गुण लागतात आणि मात्रेच्या गणितात पूर्ण १००. गणिताच्या आदल्या रात्री मी दहावीनंतर प्रथमच त्रैराशिके सोडवत बसले होते.

त्या शिक्षणाचा उपयोग कोठे होतो, ते एका उदाहरणावरून सांगते. एका आजींना लघवीला जळजळ होत होती. अशा वेळी आम्ही बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन हे प्रतिजैविक लिहितो, पण संगणकावर त्यांच्या मूत्रपिंडाचा अहवाल पाहिला तर ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती काम करते ते दाखवणारा आकडा, ३८ होता, आणि तो ४५ च्या खाली असल्यास हे औषध टाळायचे असते. पेनिसिलिनची ॲलर्जी नाही याची खात्री करून मी पिवमेसिलिनॅम हे पेनिसिलिनच्याच गटातले औषध लिहिले. जे औषध मला पुरेसे माहीत नाही ते मी लिहीत नाही, आणि नवऱ्याच्या खोकल्यालाही चिठ्ठी देत नाही, कारण घरच्या माणसांसाठी लिहिणे शक्यतो टाळावे असा आमच्या नर्सिंग परिषदेचा दंडक आहे.

इतर देशांत प्रकार निरनिराळे आहेत. अमेरिकेत १९६५ मध्ये कोलोरॅडोत नर्स प्रॅक्टिशनरचे, म्हणजे रुग्ण तपासून उपचार ठरवणाऱ्या उच्चशिक्षित नर्सचे, शिक्षण सुरू झाले. आज सर्व राज्यांत त्यांना औषधे लिहिता येतात, मात्र टेक्साससारख्या राज्यात डॉक्टरांशी लेखी करार असावा लागतो. स्वीडनने १९९४ मध्ये, तर आयर्लंडने २००७ मध्ये ही वाट धरली.

भारतात शेड्यूल एच या, चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीतील औषधासाठी नोंदणीकृत डॉक्टरांचीच चिठ्ठी लागते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये सामुदायिक आरोग्य सेवकांना औषधे लिहून देण्याचा मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. दुसरीकडे, उपकेंद्रातील एएनएम सिस्टरने प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी औषध द्यावे, झटके येणाऱ्या गरोदर बाईला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन मगच पुढे पाठवावे, असे सरकारच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात.

भाचीला एवढे जरूर सांगा की, येथे आल्याबरोबर हा अधिकार मिळत नाही. आधी येथील परिषदेकडे नर्स म्हणून नोंदणी, त्यानंतर किमान एक वर्ष, आणि मग अभ्यासक्रमाला पाठवण्यास मालकाची तयारी लागते. माझ्या बाबतीत सर्वाधिक वेळ या शेवटच्या गोष्टीलाच लागला.