मोबाइलवरच्या गप्पा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सोसायटी, भावकी, तालीम, शाळेची जुनी तुकडी अशा नाना ग्रुपांवर दिवसभर चालणाऱ्या गप्पांविषयी कोल्हापूर आणि परिसरातील वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटचा ग्रुप पाण्याची वेळ, लिफ्टची दुरुस्ती आणि देखभालीची वर्गणी यांसाठी काढलेला आहे. त्यावर दोन-तीन निवृत्त गृहस्थ रोज पहाटे बायकोवरचे विनोद टाकतात. मी एकदा ‘आता पुरे’ असे लिहिले, तेव्हा ‘वहिनी, कोल्हापूरकर असून चेष्टा सोसत नाही होय?’ असे उत्तर आले आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. माझी विनोदबुद्धी खरोखरच कमी आहे का?
— एक भगिनी, राजारामपुरी

उत्तर : आपल्या विनोदबुद्धीला काहीही झालेले नाही. उलट कोल्हापूरची चेष्टा म्हणजे काय, हे त्या गृहस्थांनाच नव्याने सांगावे लागेल. गंगावेशीत धारोष्ण दुधाचा पेला हातात घेऊन उभी असलेली मंडळी एकमेकांच्या पोटावरून, मिशीवरून आणि कालच्या सामन्यावरून जे बोलतात, ते परक्या माणसाने ऐकले तर आता हाणामारी होणार असेच त्याला वाटेल. पण ज्याला टोला बसला तो त्याहून वजनदार टोला परत देतो, भोवतालचे त्यालाही तितकीच दाद देतात आणि दुधाचे पैसे कोणी द्यायचे यावरून नवी चेष्टा सुरू होते. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम रंगला की पेठापेठांतून एकमेकांविषयी जे लिहिले जाते, त्याचेही तेच. आज ज्याची खेचली, त्याची पाळी पुढच्या सामन्याला येते. ज्याची चेष्टा करायची तो समोर हवा, त्याला उत्तर देता यायला हवे आणि त्याच्या उत्तरालाही हसण्याची आपली तयारी हवी. एवढे असेल तर आपल्या गावात कितीही तिखट बोललेले खपते.

आपल्या ग्रुपवर यातली पहिली गोष्ट तेवढी आहे. बायका तेथे हजर आहेत, पण विनोद त्यांच्याशी केलेला नाही, त्यांच्या डोक्यावरून पुरुषांनी पुरुषांशी केलेला आहे, आणि एखादीने उत्तर दिलेच तर ते उत्तर बाजूला राहून तिच्या स्वभावाची चिकित्सा सुरू होते. हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेचेही फार मनावर घेऊ नये. तो चेहरा उमटवण्यासाठी बोट टेकवावे लागते, हसावे लागत नाही. शिवाय हे विनोद त्या गृहस्थांचे स्वतःचे नसतात. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी अधिक चवदार लागते, हे भाग्य विनोदाला लाभलेले नाही. त्या विनोदांतील बायको अजून साड्याच घेते आणि लाटणेच उचलते. आपल्या जिन्यातली बायको मात्र बँकेत गिऱ्हाईक समोर असताना गॅसच्या सिलिंडरचा ओटीपी फोनवरून नवऱ्याला सांगत असते. त्या ओटीपीवरून आपल्याच घरात झालेल्या गोंधळाविषयी एखाद्या काकांनी चार ओळी लिहिल्या, तर पहिल्यांदा आपणच हसाल.

तेव्हा वाद अभिरुचीवर नेऊ नका, कामावर न्या. पाणी येणार नसल्याची सूचना अशा मजकुराखाली गाडली जाते आणि तळमजल्यावरच्या आजींच्या बादल्या रिकाम्या राहतात, हा मुद्दा कोणालाही नाकारता येत नाही. सूचनांचा ग्रुप फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असा करून घ्यावा आणि करमणुकीचा वेगळा काढावा. तोवर एखादा विनोद ‘बायको नवऱ्याला बोलू देत नाही’ अशा चालीचा आलाच, तर ‘काका, घरात बोलायला मिळत नाही म्हणताय, मग रोज पहाटेपास्नं हितं कोण बोलतंय?’ एवढे लिहून फोन खाली ठेवावा.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या भागात रात्रभर कोणी झोपत नाही. ‘आज रात्री धरणाचे सर्व दरवाजे उघडणार, ताबडतोब घर सोडा’ असे मजकूर एकामागून एक येतात. आई घाबरून कपाट उपसायला लागते. हे मजकूर पाठवणाऱ्यांत आमचे सख्खे मामाच पुढे असतात. त्यांना कसे सांगावे?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : 2019 आणि 2021 चे महापूर ज्यांच्या उंबऱ्यातून आत आले, त्यांच्या भीतीला कोणी हसू नये. तरीही या मजकुराची तपासणी घरबसल्या करता येते. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. जलाशय पूर्ण भरला की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप बंद होतात. एका दरवाजातून साधारण 1428 क्युसेक विसर्ग होतो, म्हणून खऱ्या बातमीत कोणत्या क्रमांकाचे दरवाजे उघडले आणि एकूण विसर्ग किती, हे आकडे असतात. ‘आज रात्री सगळे उघडणार’ असा मुहूर्त कोणी काढत नाही. आपल्या घरासाठी त्याहून महत्त्वाचा आकडा म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे शहरातील शाळकरी पोरालाही पाठ असते. मध्यरात्रीच्या मजकुरात नेमका हाच आकडा गाळलेला असतो. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक आईच्या फोनमध्ये घालून ठेवा.

अशा मजकुराची आणखी एक खूण म्हणजे त्यात तारीख नसते. ‘आज’ असे लिहिलेले असल्यामुळे तो दर पावसाळ्यात पुन्हा ताजा होतो, आणि गेल्या पुरातली चित्रफीत या वर्षीची म्हणून खपते. व्हॉट्सॲपने 2018 मध्ये भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि एप्रिल 2020 पासून अनेकदा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. असा मजकूर दुहेरी बाणांवरून ओळखता येतो. पहिली मर्यादा आली त्याच सुमारास, 1 जुलै 2018 रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. पुढे ढकललेल्या चार ओळींची मजल कोठवर जाते, याचे याहून जवळचे उदाहरण महाराष्ट्राला शोधावे लागणार नाही.

मामांना ग्रुपवर चारचौघांत खोटे पाडू नका. भाचरांच्या काळजीपोटीच ते हे करतात, आणि काही अंशी सर्वांच्या आधी कळल्याचा मानही त्यात असतो. फोन करून ‘मामा, हे कधीचं आहे? बंधाऱ्यावर किती फूट आहे म्हणतात?’ असे विचारा. दोन-तीन वेळा हा प्रश्न आला, की मामा पातळी पाहून मगच पाठवू लागतील, आणि सर्वांत आधी अचूक आकडा सांगणारा माणूस हा त्यांचा मान कायमचा होईल.

प्रश्न : रोज सकाळी येणाऱ्या शुभेच्छांच्या चित्रांनी माझा फोन भरून जातो. काय करावे?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : सेटिंगमध्ये जाऊन चित्रे आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करावी. पाठवणाऱ्याला काही सांगू नये.

प्रश्न : माझे यजमान वारले. आमच्या कॉलनीतील महिलांच्या ग्रुपमध्ये मी पूर्वीपासून आहे. संक्रांतीला ‘सर्व सुवासिनींना हळदीकुंकवाचे आग्रहाचे निमंत्रण’ असा मजकूर येतो आणि तो मलाही वाचावा लागतो. कोणाच्या मनात वाईट नाही, हे मला कळते. ग्रुप सोडावा, की बोलावे, की गप्प राहावे?
— एक भगिनी, कसबा बावडा

उत्तर : पूर्वी हे बोलावणे घरोघर जाऊन केले जाई आणि काही दारे वगळली जात. तो अपमान होताच. आता तोच मजकूर वगळलेल्या बाईच्या हातात आणून दिला जातो आणि तिने तो इतर सगळ्यांसोबत वाचावा, अशी अपेक्षा असते. पाठवणारीने बहुधा मागच्या वर्षीचा मजकूर तसाच उचलून टाकलेला असतो, आणि आपण म्हणता तसे तिच्या मनात वाईट नसतेही. पण मनात काहीच नसणे, म्हणजे त्या यादीतील आपले नाव तिला आठवलेच नाही, हेच तर दुखते.

आपल्याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव करून पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा निर्णय घेतला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. एका खेड्याला जे जमले, ते शहरातील कॉलनीला एका ओळीच्या मजकुरात जमू नये, याचे आश्चर्य वाटते.

ग्रुप सोडू नये, असे आम्हाला वाटते. आपण बाहेर पडलात तर तो मजकूर कोणालाच खटकणार नाही आणि पुढच्या बाईच्या वाट्याला तसाच येईल. ग्रुपवर लिहिण्याऐवजी आयोजकांपैकी जी आपल्याला सर्वांत जवळची असेल तिच्याशी प्रत्यक्ष बोला आणि पुढच्या वर्षीचा मजकूर आपणच सुचवा : ‘कॉलनीतील सर्व महिलांना तिळगुळाचे आणि वाणाचे निमंत्रण.’ हे बोलणे जड जात असेल तर हा अंक तिच्या हातात द्या. कारण पुढचे आम्ही आयोजक भगिनींनाच सांगत आहोत. निमंत्रणातला शब्द बदलला आणि कार्यक्रमात कुंकवाची कोयरी मात्र एकीला टाळून पुढे सरकली, तर बदल कागदापुरताच राहील. कोयरी प्रत्येकीपुढे धरावी. कुंकू लावून घ्यायचे की नाही, हे जिचे तिने ठरवावे. नको म्हणणारीलाही आग्रहाने लावू नये, आणि तिचे छायाचित्र काढून ‘पुरोगामी पाऊल’ म्हणून सर्वत्र फिरवू तर मुळीच नये.

प्रश्न : मी आमच्या तरुण मंडळाच्या ग्रुपचा ॲडमिन आहे. कोणी भलतेसलते टाकले तर पोलीस मला धरतील का?
— एक कार्यकर्ता, मंगळवार पेठ

उत्तर : केवळ ॲडमिन आहात म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे, की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरण्यास त्या दोघांचा समान उद्देश किंवा आधी ठरलेला बेत असावा लागतो; मजकूर पडण्यापूर्वी तो तपासणे ॲडमिनच्या हाती नसते. मात्र तो निकाल लागला तेव्हा ॲडमिनला दुसऱ्याचा मजकूर पुसता येत नव्हता, आणि आता तो सर्वांसाठी पुसता येतो, हे ध्यानात ठेवून मजकूर दिसताच काढावा आणि टाकणाऱ्याला समज द्यावी.

दुसऱ्या बाजूने, नुसते कोणाला राग आला म्हणून गुन्हा होत नाही. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एक मजकूर आणि त्याला दिलेली पसंती एवढ्यावरून अटक झाली होती. त्यानंतर आव्हान दिले गेलेले माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवले. परंतु धर्म, जात, भाषा यांवरून वैर पेटवणारा किंवा धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे कलम 196 आणि 299 खाली आजही गुन्हा आहे. जून 2023 मध्ये काही स्टेटसवरून शहरात काय घडले आणि इंटरनेट कसे बंद ठेवावे लागले, हे मंगळवार पेठेतील कार्यकर्त्याला आम्ही सांगायला नको.

प्रश्न : भावकीच्या ग्रुपवर माझे चुलते एका समाजाविषयी घाणेरडे विनोद टाकतात. त्याच समाजाचा माझा मित्र आमच्या घरी जेवायला येतो. मी आक्षेप घेतला तर वडील ‘मोठ्यांना उलट बोलू नकोस’ म्हणतात. ग्रुप सोडू का?
— एक विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर : राजारामपुरीतील भगिनींना आम्ही लिहिले, की ज्याची चेष्टा करायची त्याला उत्तर देता यायला हवे. इथे तर तो ग्रुपवरच नाही. म्हणून उत्तर देण्याचे काम तुमच्याकडे येते, आणि ते उलट बोलणे ठरत नाही.

पण ते कसे द्यायचे, यासाठी आपल्या शहराचा एक दाखला आठवा. राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढून दिले आणि व्याख्यान देत न बसता स्वतः तेथील चहा पिऊ लागले. बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो पाजला. ज्यांना आक्षेप होता त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा हे त्यांना अधिक अवघड गेले असणार. तुम्हीही ग्रुपवर एकदाच, नाव घेऊन आणि आदराने लिहा : ‘काका, माझा मित्र या समाजाचा आहे. तो आपल्या घरी आपल्या ताटात जेवतो. हे मला आवडलेले नाही.’ त्यावर येणाऱ्या उत्तरांना उत्तर देऊ नका. काकांना तुमच्याशी भांडता आले तर मूळ मजकूर बाजूला राहील. तुमच्या ओळीखाली एखादी आत्या किंवा चुलत बहीण ‘मलाही’ एवढेच लिहिण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून अधिक आहे, कारण भावकीत गप्प असलेले सगळेच काकांच्या बाजूचे नसतात. वडिलांशी घरी बोला आणि मित्र जेवायला आला असताना तो मजकूर त्याच्यासमोर वाचता येईल का, एवढेच विचारा. त्यानंतरही मजकूर येत राहिले तर ग्रुप जरूर सोडा, पण गुपचूप सोडू नका. कोणी बाहेर पडल्याची सूचना आता फक्त ॲडमिनला जाते, तेव्हा कारण आधी सर्वांसाठी लिहा आणि मग बाहेर पडा.