फ्लायची अदलाबदल पहिल्यांदाच घेताय, तर आधी हे ठरवा

तुमचा प्रश्न असा : फ्लाय (गळावर पिसं-धागा बांधून केलेलं, मासे पकडायचं किड्यासारखं आमिष) बांधणाऱ्यांची अदलाबदल पहिल्यांदाच घ्यायची आहे, वीस जण तयार झालेत, त्यातले काही अगदी नवखे आहेत, आणि कुणी वेळेवर फ्लाय पाठवल्याच नाहीत तर काय, ही धास्ती आहे. ती रास्त आहे. अशा अदलाबदली रखडतात त्या बहुतेक वेळा तारखा आणि नियम मोघम ठेवल्यामुळे. म्हणून नावं पक्की करण्याआधी नियम लिहून काढा आणि सगळ्यांकडून होकार घ्या.

वीस जणांचा एक गट करू नका. गटात जितके जण तितक्या फ्लाय प्रत्येकाने बांधायच्या, सगळ्या एकाच पॅटर्नच्या, आणि परत येताना प्रत्येकाची एकेक मिळते, हा साधा हिशोब. म्हणजे वीस जणांत प्रत्येकाला एकसारख्या २० फ्लाय बांधाव्या लागतील. नवख्याला एका फ्लायला अर्धा तास धरला तरी १० तास झाले, आणि बारावी-तेरावी बांधताना हात कंटाळलेला असतो. दहा-दहाचे दोन गट करा, एक ड्राय फ्लायचा (पाण्यावर तरंगणारी) आणि एक निम्फचा (पाण्याखाली बुडणारी). शिवाय प्रत्येकाकडून एक जादा फ्लाय मागा. एखादी टपालात चेपते, एखादीचं हॅकल (गळाभोवती गुंडाळलेलं पीस) सुटतं, तेव्हा ती कामी येते.

पॅटर्न आधी सांगून राखून ठेवायला लावा, नाहीतर दहातले चौघे वुली बगर हा एकच नेहमीचा पॅटर्न पाठवतील. नुसतं नाव मात्र पुरत नाही. १९२२ साली मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलडे यांनी बांधलेली ॲडम्स ही ड्राय फ्लाय घ्या. आज त्या नावाखाली साधी ॲडम्सही येते आणि पॅराशूटही (हॅकल आडवं, छत्रीसारखं गुंडाळलेली). फेझंट टेल या निम्फचंही तेच. ती पहिल्यांदा बांधणाऱ्या फ्रँक सॉयर यांच्या मूळ पद्धतीत धागा नाहीच. तांब्याची बारीक तारच धाग्याचं काम करते आणि तीच वजनही देते. बरेच जण ती आता धाग्याने बांधतात, वर मणीही घालतात. दोन्ही पाण्यात वेगळ्या वागतात. म्हणून नावासोबत गळाचा नंबर आणि कृती लिहून घ्या.

ही कृती प्रत्येक फ्लायसोबत गेली पाहिजे, आणि यावर मी अडून बसतो. जाड कागदाची बोटभर चिठ्ठी करायची, तिच्यावर बांधणाऱ्याचं नाव, पॅटर्न, गळाचा नंबर, धागा, शेपटी, अंग, हॅकल असं क्रमाने लिहायचं आणि गळाचं टोक त्या चिठ्ठीत खुपसायचं. वर्षभराने डबा उघडल्यावर चिठ्ठी नसलेली फ्लाय कुणाची, कशाची, काही कळत नाही. दुसऱ्याने बांधलेली फ्लाय हातात घेऊन त्याने डबिंग (धाग्यावर पिळून अंगाला गुंडाळलेली लव) किती विरळ ठेवलंय, हॅकलचे वेढे कुठे थांबवलेत हे पाहणं आणि शेजारी कृती वाचणं, यातून जे शिकायला मिळतं त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

नवख्यांना जरूर घ्या. त्यांना सोपा पॅटर्न सुचवा, मोठा गळ द्या, १० किंवा १२ नंबरचा. (नंबर वाढला की गळ लहान होतो, हे त्यांना आवर्जून सांगा.) चार-पाच फ्लाय सरावाच्या बांधून बाजूला ठेवायच्या आणि मगच मोजायला सुरुवात करायची. सगळ्यांसाठी लागणारं साहित्य आधीच सारख्या मापाचं निवडून ठेवलं की फ्लाय एकसारख्या उतरतात. ड्राय फ्लायच्या हॅकलचे तंतू गळाच्या तोंडाच्या (टोक आणि दांडा यांतल्या अंतराच्या) साधारण दीडपट हवेत, एवढं एक माप पाळलं तरी खूप फरक पडतो. आणि गळाचं नेढं (दोरी ओवायचं भोक) मोकळं हवं. डोक्यावरचं सिमेंट (धाग्याची शेवटची गाठ पक्की करायचा चिकट लेप) नेढ्यात वाळलं तर पाण्याकाठी गार बोटांनी ते उकरत बसावं लागतं. सिमेंट ओलं असतानाच सुई आरपार घालून काढायला सांगा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय फ्लाय डबीत भरू नका. त्या एकमेकींना चिकटतात.

आता उशिराचं. मुदत सहा ते आठ आठवड्यांची ठेवा आणि ती फ्लाय तुमच्या हाती पोचण्याची असू द्या, पाठवण्याची नको. मधल्या टप्प्यावर प्रत्येकाकडून एक निरोप मागा. जो गप्प असतो तोच बहुधा अडकलेला असतो, आणि तेव्हाच कळलं तर राखीव यादीतला माणूस घेता येतो. आधी कळवणाऱ्याला आठवडाभर सवलत द्या. न कळवणाऱ्यासाठी इतर नऊ जणांना ताटकळत ठेवू नका. आलेल्या फ्लाय वाटून मोकळे व्हा. प्रत्येकाची जी एक उरेल ती त्याच्याच डब्यात परत घाला.

टपालासाठी नुसतं फुगीर पाकीट चालत नाही. छाटणीच्या यंत्रात ते दाबलं जातं, हॅकल चपटं होतं आणि गळ बाहेर येतात. कडक डबीच हवी, आणि परतीचं पाकीट पत्ता घालून, टपालखर्चासह त्यातच. चेपलेलं हॅकल चिमट्यात धरून किटलीच्या वाफेवर क्षणभर नेलं तर बरंचसं पुन्हा उभं राहतं. पिसांतून कीड येऊ शकते, म्हणून आलेल्या फ्लाय बंद पिशवीत घालून काही दिवस फ्रीजरमध्ये ठेवा. नाहीतर एकाच्या घरची कीड दहा घरांत जाईल.

पहिली अदलाबदल एकाच देशातल्यांची ठेवा. पिसं सीमेपार पाठवताना कस्टम्स आणि वन्यजीवांचे कायदे दोन्ही आडवे येतात. अमेरिकेत तर १९१८च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यामुळे बहुतेक स्थानिक रानपक्ष्यांचं जमिनीवर पडलेलं पीससुद्धा जवळ ठेवता येत नाही. साहित्य रीतसर विकत घेतलेलंच हवं, हा नियम लेखी असू द्या.

वाटणी करायला सलग वेळ काढा. टेबलावर दहा वाट्या मांडा, प्रत्येकीवर एकेक नाव, आणि एका वेळी एकाच माणसाची पिशवी उघडून सगळ्या वाट्यांत एकेक फ्लाय टाकत जा. पिशवी रिकामी झाली आणि ठरलेली जादा फ्लाय तेवढी उरली की पुढची. डब्या बंद करण्याआधी प्रत्येक वाटीचा फोटो काढून ठेवा, म्हणजे कुणी एक कमी आली म्हणालं तर वाद होत नाही.

तारीख ठरली की कळवा. निम्फच्या गटात जागा असली तर माझं नाव घाला. फेझंट टेल राखून ठेवा, तारेने बांधलेली पाठवतो.