साप हाताळणाऱ्यांना साप चावत का नाहीत?

तुम्ही विचारलंय की सर्पमित्र नाग उघड्या हाताने धरतात तरी तो चावत नाही, मग साप त्यांना ओळखतो का, की ते हाताला काही औषध लावतात? मी सर्पमित्रांसोबत बरंच फिरलोय म्हणून सांगतो, औषध नाही, मंत्र नाही आणि ओळख तर मुळीच नाही. पाळलेल्या सापाला माणसाच्या हाताची सवय होते, भीती कमी होते, पण ती माया नव्हे. उंदराचा वास लागलेला हात पुढे केला तर तोच पाळलेला अजगर मालकाचा हात पकडेल, कारण त्याला तिथे खाणं दिसतं.

खरं कारण सापाच्या बाजूने बघितलं की कळतं. आपण त्याचं भक्ष्य नाही, एवढा मोठा प्राणी तो गिळणार कसा, आणि विष बनवायला शरीराची शक्ती लागते, ते शिकारीसाठी हवं असतं. म्हणून माणूस दिसला की आधी पळायचं बघतो, जागा मिळाली नाही की फुत्कार, फणा, आणि चावणं बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी. कधी चावूनही विष सोडत नाही, त्याला ड्राय बाइट म्हणतात, पण त्या भरवशावर कुणी घरी बसू नये, चावला की सरळ हॉस्पिटल.

चांगला सर्पमित्र ही शेवटची वेळ येऊच देत नाही, सगळं कसब त्यातच आहे. तो सावकाश हलतो, सापाला दाबत नाही, हुकवर, म्हणजे टोकाला वाकवलेल्या लांब काठीवर, त्याच्या अंगाचा भार नीट पेलतो कारण अंग अधांतरी लटकलं की साप घाबरतो आणि वळवळतो. मला सगळ्यात आवडते ती पाइप आणि पिशवीची पद्धत, पिशवीच्या तोंडाला पाइप लावून सापासमोर ठेवतात आणि तो बीळ समजून आपणहून आत जातो, हात लावायची गरजच नाही. याउलट मुंडी दाबून धरणं व्हिडिओत भारी दिसतं पण तेच धोक्याचं, घोणसीचे विषदंत एवढे लांब आणि हलते असतात की ती स्वतःचा खालचा जबडा भेदून धरणाऱ्याच्या बोटात दात घुसवू शकते.

शिवाय प्रत्येक सापाचा स्वभाव वेगळा. नाग फणा काढून उभा राहतो म्हणजे निदान इशारा तरी देतो. मण्यार दिवसा गुंडाळी करून डोकं लपवते म्हणून गरीब वाटते, रात्री मात्र वेगळाच साप असतो. आणि घोणसीचा हल्ला तर पापणी लवायच्या आत होऊन जातो, तिथे चपळाई कामाची नाही, अंतरच कामाचं.

आणि "चावत नाहीत" हेही पूर्ण खरं नाही हो. अमेरिकेतले बिल हास्ट आयुष्यभर सापांचं विष काढायचे, त्यांना १७० पेक्षा जास्त वेळा साप चावले, तरी ते १०० वर्षं जगले. पण जोसेफ स्लोविन्स्की हे सापांचे मोठे अभ्यासक, २००१ साली म्यानमारमध्ये त्यांनी बिनविषारी समजून पिशवीत हात घातला, आत मण्यारच्या जातीचा साप होता आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. आपल्याला हे दिसत नाही कारण व्हायरल होतात ते न चावलेले व्हिडिओ, त्यामुळे प्लीज ते बघून घरात निघालेल्या सापाला हात लावू नका, लांबून नजर ठेवा आणि सर्पमित्राला फोन करा.