12 फुटांची नऊ इंची भिंत काढायची आहे, 250 चा (250 मिलिमीटर उंचीचा) एक लोखंडी गर्डर पुरेल का?

तुमचं घर दुमजली, लोड-बेअरिंग, म्हणजे भार भिंतींवरच. हॉल आणि किचनमधली भिंत 12 फूट काढायची, वर बेडरूमची भिंत बरोबर तिच्याच रेषेत. फॅब्रिकेटर म्हणतो, "250 चा टाकू, हत्ती उभा राहील." राहील की! हत्ती चार-पाच टनांचा असतो. तुमच्या गर्डरवर वीसेक टन बसणार आहेत.

दोन्ही खोल्या 10-10 फुटी धरल्या, तर पहिल्या मजल्याच्या स्लॅबचे मीटरला दोन टन, गच्चीचे साधारण तेवढेच आणि वरच्या विटांच्या भिंतीचे दीड. झाले साडेपाच टन, म्हणजे सुमारे 54 किलोन्यूटन प्रतिमीटर. दोन्ही टोकांचे टेकू धरून गाळा (आधारांमधलं अंतर) 3.9 मीटर. भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले 8 केलं की बेंडिंग मोमेंट (गर्डरला वाकवणारा जोर) येतो सुमारे 103 किलोन्यूटन-मीटर. एका आयएसएमबी 250 चं, म्हणजे 250 च्या आय-आकाराच्या गर्डरचं, सेक्शन मॉड्युलस (वाकण्याला विरोध करायची आकाराची ताकद) 410 घन सेंटिमीटर; मोमेंटला त्याने भागलं की ताण 250 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. साध्या पोलादाची यील्ड मर्यादाही (जिच्यापुढे ते कायमचं वाकतं) 250 च! रोजच्या भाराला आपण 165 च्या आत राहतो. वर भिंत आणि गच्ची नसती, तर हाच गर्डर आरामात चालला असता. म्हणून "12 फुटाला कितीचा?" या प्रश्नाला उत्तरच नाही, वर काय आहे ते आधी सांगावं लागतं.

दोन 250 शेजारी-शेजारी टाकले तर ताण 125 वर येतो आणि मध्ये बाक सुमारे 8 मिलिमीटर. शिवाय सोय अशी की आधी एका बाजूने अर्धी भिंत खाचून पहिला बसवायचा, तो पक्का झाला की दुसऱ्या बाजूने दुसरा, मग आरपार बोल्ट. धिरे (तात्पुरते टेकूचे खांब) मात्र दोन्ही खोल्यांत आधीच लावायचे.

खरी गोची टोकांना आहे. प्रत्येक टोकाला साडेदहा टन येतात आणि जुनी वीट-चुन्याची भिंत अर्धा न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या वर घ्यायला मी देत नाही. नऊ इंची भिंतीत त्याला गर्डरच्या टोकाखाली भार पसरवणारा तीन फूट लांब काँक्रीटचा बेड ब्लॉक लागतो. तेवढी भिंत शिल्लक नसेल तर कॉलम, आणि त्याला स्वतःचा फुटिंग, म्हणजे पाया.

माझ्या मावशीच्या घरी गर्डर व्यवस्थित होता, पण त्याच्या डोक्यावरची फट मिस्त्रीने नुसत्या प्लास्टरने झाकली. दोन महिन्यांत वरच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून पायऱ्या-पायऱ्यांची चीर गेली, रुपयाचं नाणं आत जाईल एवढी. त्या फटीत न आकसणारं ग्राउट (सिमेंटचं मिश्रण) ठासून भरा, ते कडक होईपर्यंत धिरे हलवू देऊ नका.

माझे आकडे तुमच्या वर्णनावरून आहेत. खोल्यांची मापं वेगळी निघाली तर सेक्शन बदलेल, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, पाया उघडून बघायला लावा आणि सहीचं ड्रॉइंग हातात आल्यावरच फॅब्रिकेटरला ॲडव्हान्स द्या.