मार्केटिंगमध्ये नवीन नोकरी लागली आहे. रिस्पॉन्स रेट, सीटीआर, सीपीए, आरओएएस, जीआरपी यांतलं आधी काय शिकू?

व्याख्या पाठ करायला बसू नका. हे जवळजवळ सगळे अपूर्णांक आहेत. अंशात काय आहे ते समोरचा न विचारता सांगतो, छेदात काय आहे ते खोदून विचारावं लागतं. सीटीआरच्या अंशात क्लिक असतात आणि छेदात इम्प्रेशन्स, म्हणजे जाहिरात किती वेळा दाखवली ते. किती माणसांना दाखवली ते नव्हे. कन्व्हर्जन रेटच्या, म्हणजे शेवटी किती टक्क्यांनी खरेदी केली त्याच्या, छेदात कुणी क्लिक धरतं, कुणी व्हिजिट, कुणी लीड (चौकशी करणारा संभाव्य ग्राहक). दोन एजन्सींचे आकडे शेजारी ठेवण्याआधी एवढं तपासलंत तरी निम्म्या मीटिंगा वाचतील.

ईमेलच्या ओपन रेटवर तर वेळच घालवू नका. 2021 मध्ये ॲपलने मेल ॲपमध्ये प्रायव्हसीची सोय आणली. ती चालू असली की मेलमधली चित्रं आधीच उतरवून ठेवली जातात आणि माणसाने मेल उघडला नाही तरी ‘उघडला’ अशी नोंद होते. तरी डॅशबोर्डवर हा आकडा सगळ्यात वर, ठळक अक्षरात!

रिस्पॉन्स रेटबद्दल, म्हणजे पाठवलेल्यांपैकी किती टक्क्यांनी प्रतिसाद दिला त्याबद्दल, मात्र लांबण लावणार आहे, कारण त्यावरून मी भांडले आहे.

आमच्याकडे सभासदत्वाच्या नूतनीकरणाचं काम होतं. मुदत संपत आली की सभासदाला पत्र जायचं, मागोमाग ईमेल, मग एसएमएस. विभागप्रमुख एका मोठ्या एजन्सीतून आलेले. कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, फक्कड लिहायचे, ते नाकारत नाही. दर तिमाहीला त्यांची स्लाइड यायची, रिस्पॉन्स रेट 38 टक्के, आणि टाळ्या. मी एकदा लिस्टमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही सभासद बाजूला काढले आणि त्यांना काहीच पाठवलं नाही. याला होल्डआउट म्हणतात. परवानगी घेतली होती, लेखी. विभागप्रमुखांनी ती न वाचता ‘ओके’ केली होती, हा भाग वेगळा. न पाठवलेल्यांपैकी 34 टक्क्यांनी आपणहून नूतनीकरण केलं.

मीटिंगमध्ये सर म्हणाले, “ज्यांना पत्रच गेलं नाही त्यांचा रिस्पॉन्स रेट कसला काढतेस?” सगळे हसले. मी म्हटलं, “सर, तेच तर विचारतेय.”

हिशेब साधा आहे. 10,000 जणांना पत्र गेलं, 3,800 आले. त्यातले 3,400 एरवीही आलेच असते. मोहिमेने मिळवले ते 400. सगळा खर्च 3,800 वर वाटला की सीपीए, म्हणजे एका नूतनीकरणामागचा खर्च, देखणा दिसतो. 400 वर वाटला की तोच साडेनऊ पट होतो. ती स्लाइड ‘टीमचं मनोबल खचेल’ म्हणून वगळली गेली. पुढच्या तिमाहीला पुन्हा 38 टक्के आणि पुन्हा टाळ्या.

आरओएएसला, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली त्या आकड्याला, हाच रोग आहे. कार्टमध्ये वस्तू टाकून गेलेल्या माणसाच्या मागे जाहिरात लावायची, तो परत आला की अख्ख्या विक्रीचं श्रेय शेवटच्या क्लिकला द्यायचं आणि आरओएएस 8 आला म्हणून मिरवायचं. तो एरवी आलाच नसता का, हे कुणी विचारत नाही. विचारणारी खडूस ठरते.

सरांचं आवडतं वाक्य होतं, “तुम्ही लिस्टवाले कारकून. जाहिरात म्हणजे कल्पना.” आमच्या धंद्यात एड मेयर यांच्या नावाने एक जुना ठोकताळा चालतो: यशात 40 टक्के वाटा लिस्टचा, 40 ऑफरचा, 20 क्रिएटिव्हचा (मजकूर आणि मांडणी). टक्क्यांवर जाऊ नका, क्रम घ्या. आमच्या त्या 400 मध्ये बहुतेक जण पहिल्यांदाच नूतनीकरण करणारे होते. जुने सभासद पत्राची वाटच बघत नव्हते. म्हणजे तीच कॉपी, तेच पत्र, पण लिस्ट नीट कापली असती तर खर्च कितीतरी खाली आला असता. यासाठी आरएफएम आधी शिका: शेवटची खरेदी कधी, किती वेळा, किती रकमेची. आणि मोजण्याला कारकुनी म्हणणाऱ्यांना सांगा की क्लॉड हॉपकिन्स मागच्या शतकाच्या सुरुवातीलाच कुपनांवर वेगवेगळे कोड छापून कुठल्या जाहिरातीने किती उत्तरं आणली ते मोजत होते, आणि ते कॉपीरायटरच होते. आज लिंकच्या शेपटाला यूटीएम, म्हणजे माणूस कुठल्या जाहिरातीतून आला ते सांगणारी खूण, लावतात ती त्याचीच पुढची पिढी.

एक सावधगिरी. लिस्ट चारपाचशे नावांची असेल तर होल्डआउटच्या भानगडीत पडू नका; 38 आणि 34 मधला फरक तेवढ्यात निव्वळ योगायोगानेही पडतो. ब्रँडच्या जाहिरातीचा परिणाम कधी कधी मोजणीची मुदत संपल्यावर दिसतो, हेही खरं. सरांचं तेवढं म्हणणं मला तेव्हाही मान्य होतं, पण नूतनीकरणाचं पत्र म्हणजे ब्रँडची जाहिरात नव्हे.

‘कंट्रोल’ हा शब्द ऐकलात तर कुठला ते विचारून घ्या. डायरेक्ट मेलवाल्यांसाठी, म्हणजे ग्राहकाला थेट टपालाने पत्र पाठवणाऱ्यांसाठी, आजवरचं सगळ्यात जास्त चाललेलं पत्र म्हणजे कंट्रोल, नवीन पत्राला त्याला हरवावं लागतं. ॲनालिटिक्सवाल्यांसाठी ज्यांना काहीच पाठवलं नाही ते कंट्रोल.

जीआरपी राहिलाच. टक्क्यांतला रीच (किती लोकांपर्यंत पोचलात) गुणिले सरासरी फ्रिक्वेन्सी (प्रत्येकापर्यंत किती वेळा). 60 टक्के लोकांपर्यंत सरासरी 3 वेळा पोचलात तर 180. टीव्हीचं मीडिया प्लॅनिंग तुमच्याकडे नसेल तर सध्या एवढं पुरे.